वरच्या वस्तीचं पाणी

जुन्या पाइपात क्षार साचतो ना, तसे किस्से साचतात बघा. रोज थोडा थोडा. एक दिवस पाइप कापून बघावा, तर आत बोट जायला जागा नाही!

खर्ड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम माझ्याकडं. शाळेत मी गेलोय, पण नळ दुरुस्त करायला! म्हणून सावकाश लिहितो, तुम्हीही सावकाश वाचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमची एक वस्ती वर टेकाडावर आहे. माझी थोरली बहीण हौसाक्का तिथंच दिलेली. जुन्या योजनेचं पाणी तिच्या दारापर्यंत कधी चढलंच नाही. वर नळाला यायची ती नुसती हवा. गुडघे गेले तरी ती खालच्या हापशावरून कळशी भरून न्यायची आणि जाता जाता मला ऐकवायची, "बाबू, समद्या गावाला पानी पाजतुयास, आन् बहिनीला हवा सोडतुयास व्हय रं?"

मी मान खाली घालायचो. चावी माझ्या हातात होती, चढ काही माझ्या हातात नव्हता.

* * *

त्या जुन्या योजनेचा नकाशा काढणारे साहेब एक आणि बांधणारा ठेकेदार दुसरा. पाणी चढेना म्हटल्यावर गावानं दोघांनाही बोलावून घेतलं आणि वरच्या वस्तीत कोरड्या नळापाशी उभं केलं.

साहेब म्हणाले, "मी बरोबर काढलंय, ह्यांनी चुकीचं बांधलं."

ठेकेदार म्हणाला, "काढलंय तस्संच बांधलंय!"

ह्याचं बोट त्याच्याकडं, त्याचं बोट ह्याच्याकडं. हौसाक्का कळशी कमरेवर घेऊन बघत होती. म्हणाली, "पाइप ऱ्हाऊ द्या. आदी ह्या दोघास्नी एकमेकाला जोडा!"

* * *

मग नवी योजना आली. आमच्या सरपंच शैलाताई. त्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितलं, "या वेळी एकच कंपनी नकाशा काढणार, तीच बांधणार. पाणी आलं नाही तर तिलाच धरायचं."

सरकारी कामात एवढं सोपं काही असतं, यावर कुणाचा विश्वासच बसेना!

शेवटी हौसाक्का उठली. "म्हंजी सैपाक करनारी तीच, आन् वाढनारी बी तीच?"

"व्हय आक्का."

"मंग बरं हाय. आळनी झालं तर पातेलं कुनाच्या म्होरं आपटायचं, त्ये तरी कळंल!"

ठराव मंजूर झाला.

* * *

कंपनीची दोन माणसं समाजमंदिरात मुक्कामाला आली. केतकी मॅडम नकाशा काढणाऱ्या आणि डॅनियल साहेब बांधणारे. साहेब श्रीरामपूरचे, माणूस उसासारखा उंच. दोघांना बसायला टेबल एकच. त्यामुळं भांडण झालं की समोरासमोर व्हायचं, आणि गाव ऐकायला खिडकीशी जमायचं.

टाकी शाळेमागं बांधायची ठरली होती. साहेबांनी खड्डा घेतला, तर काळी माती संपेचना. चिखलाच्या बुटांनी तसेच आत आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, तुमची टाकी खचणार!"

मॅडमनी चष्मा पुसला. "तुमची नाही, सर. आपली."

साहेब खुर्चीत बसले. बूट काढत हळूच म्हणाले, "मग आपण ती कुठं न्यायची?"

दोघं दिवसभर उन्हात फिरले आणि टाकी टेकाडाच्या माथ्यावर नेली, वरच्या वस्तीच्याही वर. तिथं खाली कातळ, शिवाय उंच खांबही लागायचे नाहीत. जुन्या काळी एवढ्यासाठी फाइल नगरला गेली असती आणि परत येईस्तोवर आम्ही वर गेलो असतो!

* * *

पाणी येणार म्हणजे सांडपाणीही जाणार. त्याच्या नळीसाठी मॅडमनी भीमरावाच्या दारावरून चुन्याची फक्की मारली. भीमरावाचं आणि त्याच्या भावजयीचं बोलणं बंद. तो आडवा आला, "तिचं खरकटं पानी माज्या दारावरनं जायाचं न्हाई!"

मॅडमनी नळी दुसऱ्या बाजूनं वळवली. आता भावजय खराटा घेऊन आली आणि तिनं सगळी फक्की झाडून टाकली. "त्येचं बी माज्या दारावरनं न्हाई!"

डॅनियल साहेब डोकं धरून बसले. "मॅडम, पाणी उताराकडं जातं. ही भांडणं कुठंही जातात!"

मॅडम दोघांनाही म्हणाल्या, "नळी जमिनीखाली जाणार आहे. दिसणारच नाही."

भीमराव विचारात पडला. "म्हंजी कुनाचं हाय त्ये कळनार न्हाई?"

"नाही."

"मंग जाऊ द्या!"

* * *

चाचणीच्या दिवशी सकाळी डॅनियल साहेब वरच्या वस्तीत दारोदार फिरले. "नळ बंद ठेवा. पाणी जोरात येईल."

सगळे म्हणाले, "व्हय साहेब."

साहेबांची पाठ वळली की नळ पुन्हा उघडे! वस्तीची रीतच ती. नळ बंद ठेवला, तर पाणी आलेलं कळायचं कसं? आणि वर्षानुवर्षं कोरडी जागा म्हणून नळाखाली कुणाची लाकडं, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. हौसाक्कानं तर बरोबर नळाखाली कुरडया वाळत घातल्या होत्या.

मी माथ्यावर चावीपाशी. शैलाताईंनी नारळ फोडला. मी चावी फिरवली.

खालून आवाज आला, फुस्स! हवा. तीच जुनी.

साहेब मॅडमकडं बघायला लागले, मॅडम साहेबांकडं.

मग एकदम कोंबड्यांचा कालवा उठला. मग बाया ओरडायला लागल्या. आणि त्या सगळ्यांच्या वर हौसाक्काचा आवाज, "बाबू! आरं ए मुडद्या! माज्या कुरडया वाहून चालल्या! बंद कर! बंद कर की पानी!"

डॅनियल साहेब घाबरून म्हणाले, "बाबूकाका, बंद करा! लवकर!"

मी चावीवरचा हात काढला, कानामागं धरला आणि खाली ओरडलो, "काय म्हनलीस, आक्का? पुन्यांदा म्हन!"