काठ लावलेलं अलवण

फुलाबाई आमच्या शेजारच्या घरातली. गाव वेल्ह्याच्या पलीकडं, तोरण्याच्या अंगाला. नवरा गेला तेव्हा लेक बना पाळण्यात होती. पुढं नाचणीचं रान तिनं एकटीनं धरलं. उतारावरचं रान, बैल उभा राहत नाही, सगळं कुदळीनं करायचं. तिच्या डोक्यावरचा लाकडाचा भारा मी एकदा उतरवून घेतला होता. मी पुण्याच्या भुसार बाजारात जन्मभर पोती वाहिली. ओझ्याबद्दल मी उगाच बोलत नाही. तो भारा गड्याचा होता.

लढाईची वर्षं होती. कापडावर कंट्रोल आला होता आणि आमच्या डोंगरात कंट्रोलचंही कापड पोचत नव्हतं. सासू-सुनेत एकच धड लुगडं अशी घरं होती. एक पाण्याला गेली की दुसरी दार लावून आत बसे. त्यात बनाचं लग्न शिवऱ्याच्या मानसिंगशी ठरलं. नवरीचं लुगडं नवऱ्याकडून यायचं, पण तिकडंही कापड नव्हतं. मानसिंगाची आई म्हणाली, "तुमीच बघा. कोरं नसलं तरी चालंल, पर लाल पायजे आन् ठिगळाचं नको. न्हाईतर पुढल्या साली करू."

पुढल्या साली म्हणजे काय, ते फुलाबाईला ठाऊक होतं. आधीची दोन स्थळं अशीच पुढल्या सालावर गेली होती.

सुगी उरकून ती पुण्याला आली. त्याआधी ती नसरापूरच्या पुढं कधी गेली नव्हती. मी ज्या घरी भाताची पोती टाकायचो, तिथं तिला कांडपाचं काम लावून दिलं. घर ब्राह्मणाचं, मालकीण सौदामिनीबाई. कामाची बाई बोळाच्या दारानं आत यायची आणि मागच्या अंगणातनंच परत जायची. फुलाबाईनं ते घर पुढून कधी पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मजुरी नगं बाईसाहेब. लेकीच्या लग्नाला एक लाल लुगडं द्या. जुनं चालंल."

"बघू," सौदामिनीबाई म्हणाल्या.

त्या 'बघू'वर तिनं पोती कांडली. भात कांडणं म्हणजे नुसतं मुसळ आपटणं नाही. जोर जास्त झाला की कणी होते, कमी झाला की तूस राहतं. तिच्या तांदळात दोन्ही नसायचं. वर पाखडणं, सारवणं, गोधड्या धुणं आलंच. दुपारी भाकरी खायला ती भिंतीच्या सावलीत बसे, तेवढीच बसे.

त्या महिन्यात सौदामिनीबाईंची आतेसासू भोरला वारली. तिची पेटी पुण्याला आली. एक दिवस भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण आली तेव्हा बाईंनी ती पेटी ओसरीवर उघडली. बोहारणीनं जुना शालू घेतला, लोकरीची शाल घेतली, पितळेचं पातेलं दिलं. तळाचं लाल लुगडं मात्र तिनं परत सरकवलं. "ह्ये ठेवा तुमाला वयनी. ह्ये माझ्याकडनं कोन घेनार?" ही हकीकत पुढं त्या बोहारणीनंच मला सांगितली.

ते अलवण होतं. केशवपन केलेल्या विधवा नेसत ते बिनकाठाचं लाल लुगडं.

त्याच दुपारी सौदामिनीबाईंनी ते मागच्या अंगणात आणून फुलाबाईला दिलं. "घे. नवंच आहे, एकदोनदा नेसलेलं."

आमच्या डोंगरात विधवा कुंकू पुसते, बांगड्या फोडते, लुगडं तेच नेसते. रंगाचा नेम नाही. पुण्याच्या रस्त्यात फुलाबाईला डोक्यावरून लाल पदर घेतलेल्या म्हाताऱ्या दिसल्या होत्या. तिला वाटलं, मोठ्या घरच्या बायका म्हातारपणीही लाल नेसतात. हे तिनं मला पुढं सांगितलं. तेव्हा मात्र ती लुगडं गाठोड्यात बांधून चालत गावी गेली.

लुगड्याला काठ नव्हता. तिच्या आईचं जुनं लुगडं घरात होतं. आई सवाष्ण गेलेली, म्हणून फुलाबाईनं ते जपलं होतं. अंग विरलेलं, पण हिरवा काठ शाबूत. तो काठ कापून तिनं लाल लुगड्याला दोन्ही बाजूंनी लावला. मी पुण्यात वर्षं काढलेला माणूस, पण लग्नात ते लुगडं मलाही ओळखता आलं नाही. असा टाका होता.

ओळखलं अंबूबाईनं. ती मानसिंगाची आत्या, भोरात वकिलाच्या घरी पाणी भरायची. हळद उतरून बना लुगडं नेसून बसली होती. अंबूबाईनं पदर हातात घेतला.

"टाका कुनाचा गं?"

"माझाच," फुलाबाई म्हणाली.

"हात लई सुरेख हाय तुझा." तिनं कौतुकानं पदर उलटा केला आणि तसाच धरून ठेवला. "ह्याचा मूळचा काठ कुठाय?"

"नव्हताच."

"कुठनं आनलं?"

"पुन्यासनं. बामनाच्या घरनं."

"आगं बये, ह्ये अलवान. आमच्या वकिलाची आई नेसती ह्येच. केस काढलेली."

मानसिंगाची आई उठली. "नवरी द्यायची व्हती का रांडाव? पोराला मारायला आनलंस व्हय?"

"मला ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं तर इचारायचं."

"इचारलं न्हाई. मागितलं. लेकीच्या लग्नाला लाल द्या म्हून मागितलं."

वऱ्हाड उठायला लागलं. तेव्हा माझी बायको चंद्राबाई आत गेली, अंगावरचं लुगडं सोडून बनाला दिलं आणि घोंगडं गुंडाळून चुलीपाशी बसली. ते लुगडं हिरवं होतं, विटकं, मधे दोन ठिगळं. मानसिंगाची आई त्याकडं बघत राहिली. मानसिंग म्हणाला, "बास झालं आये. बामन खोळंबलाय." लग्न लागलं. फुलाबाई मांडवात आली नाही. तिनं खरकटी काढली.

मग ती अलवण घेऊन पुण्याला आली. मी तिच्याबरोबर त्या घरी गेलो. सौदामिनीबाई मागच्या दारात आल्या.

"अगं, मी तुला नेसायला दिलं. तू विधवाच ना?"

"लेकीच्या लग्नाला म्हन्ले व्हते."

"माझ्या ध्यानात राहिलं नाही. आणि लाल मागितलंस, लाल दिलं."

फुलाबाई उखळाकडं गेली आणि कांडायला लागली. रोज थोडा थोडा काठ उसवला. शिवण्यापेक्षा उसवायला वेळ लागतो, कापड राखायचं असेल तर. काठ सुटल्यावर ते अलवण ती स्वतः नेसून कांडायला येऊ लागली. काही दिवसांनी सौदामिनीबाई म्हणाल्या, "हे नेसून आमच्याकडं येत जाऊ नकोस. घरात सवाष्णी आहेत."

"तुमीच दिलंय."

"मग दुसरीकडं काम बघ."

मी तिला बाजारात धान्य निवडायला लावलं. तिथं ती अलवण फाटेपर्यंत नेसली. ते लवकर फाटलं नाही, कापड चांगलं होतं.

मानसिंग अजून आहे, धडधाकट, नांगर धरतो. बनाला सासरी अजून अलवणवाली म्हणतात.