मागच्या दाराची भिंत

दादांना जाऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हा मागच्या खोलीत ठोकल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दिवेलागणीची वेळ होती. मी देवापाशी निरांजन लावत होते आणि आतून आवाज आला, दोनदा. मग थोडं थांबून परत दोनदा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. पण काडी हातातच विझली आणि दुसरी लावायला मला बराच वेळ लागला, हे खरं आहे.

दादा, म्हणजे माझे वडील, जिवंत असताना रोज याच वेळेला त्या भिंतीवर असंच ठोकायचे. आणि ती भिंत मी बांधून घेतली होती.

आमचं घर जुन्नर गावाबाहेर, मळ्यात आहे. पुढं रस्ता, मागं ऊस. आई गेली आणि दोन वर्षांत दादांना विसर पडायला लागला. सकाळचं दुपारी आठवायचं नाही. जुनं मात्र सगळं लख्ख. संध्याकाळ झाली की ते उठायचे, मागचं दार उघडायचे आणि उसाच्या बांधाला लागायचे. कुठं निघालात विचारलं की म्हणायचे, "तुही आई यायची येळ झाली. बघून येतो." आई उभी हयात त्याच दारानं शेतातून घरात आली होती, त्यामुळं पुढच्या दाराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या भागात संध्याकाळी उसाकडं जाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच सुमारास शेजारच्या गोठ्यातून बिबट्यानं शेळी नेली होती. कडी लावली तर दादा कडी काढायचे. कुलूप लावलं तर दारावर धडका द्यायचे. मी पुण्यातली नोकरी मुदतीआधी सोडून आले होते ती त्यांना सांभाळायला. एका संध्याकाळी ते बांधावर पडलेले सापडले, गुडघे फुटलेले, आणि मी ठरवलं की दारच नको. चौकट काढायची आणि तिथं भिंत घालायची.

गवंडी आमच्या ओळखीचाच. तरुणपणी हेच घर त्यानं दादांच्या हाताखाली बांधलं होतं. हाताखाली म्हणजे दादा खुर्ची टाकून बसायचे आणि तो त्यांचं ऐकायचा.

पण माझे पुण्यात एकदा हात चांगलेच पोळले होते. फ्लॅटचं काम काढलं होतं आणि दोन महिने घर माझं राहिलंच नव्हतं. कोणी माझ्या पिण्याच्या पाण्यात ब्रश बुडवला, कोणी न विचारता भिंत फोडली, कोणी माझ्या पलंगावर झोपलेला सापडला. तेव्हापासून माझा नियम झाला: कामाच्या माणसांशी गोड बोलायचं, पण हद्द आधी आखायची. मी कागदावर चार कलमं लिहिली आणि मागच्या खोलीत चिकटवली. काम नऊ ते साडेपाच. स्वयंपाकघरात यायचं नाही, पाणी बाहेर पुढच्या ओट्यावर मिळेल. घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही. आणि चौथं, खाली रेघ मारून: या घरात एकाच माणसाचं ऐकायचं, माझं.

गवंड्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. "ताई, ही शाळा हाय का?"

"शाळाच समजा."

"आन् दादांनी काय सांगितलं तर?"

"त्यांना आता कळत नाही, मिस्त्री. हो म्हणा आणि सोडून द्या."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग कागदाकडंच बघत म्हणाला, "घर कुणाचं हाय पर?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्याच दिवशी चौथं कलम मोडलं. विटा लावायला घेताना त्यानं नारळ फोडला आणि पहिली वीट दादांच्या हातात दिली. आमच्याकडं बांधकामाला घरातल्या थोरल्या माणसाचा हात लागतो, त्याशिवाय गवंडी पुढं जात नाही. दादांनी वीट ठेवली, आणि ठेवता ठेवता त्यांना आपण मालक असल्याचं आठवलं. प्लास्टिकची निळी खुर्ची आणून ते समोर बसले ते काम संपेपर्यंत. इतकं खुशीत मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. गवंडी थापीच्या दांड्यानं जुना गिलावा ठोकून बघायचा, दोनदा, मग हात सरकवून परत दोनदा. पोकळ वाजलं की खरवडायचा. दादा मान डोलवायचे. मला बरं वाटायच्या ऐवजी राग येत होता, हे आता लिहिताना लाज वाटते. मी रात्रंदिवस करत होते त्याचं त्यांना काही नव्हतं, आणि या माणसाशी ते तासभर विटांबद्दल बोलत होते.

चौथ्या दिवशी बघते तर भिंतीत छातीच्या उंचीवर एक देवळी सोडलेली. वीतभर रुंद, वीतभर खोल.

"हे काय?"

"दादांनी सांगितलं. जुन्या दाराशेजारी व्हती ना, तशीच. आईंची मिश्रीची डबी ऱ्हायची तिथं."

राहायची, खरंच. आई शेतातून आली की पाय धुवायच्याही आधी त्या देवळीतून पितळी डबी काढायची आणि मागच्या पायरीवर बसून मिश्री लावायची. दादा जन्मभर त्या मिश्रीवरून तिला बोलले. आणि आता त्या डबीसाठी जागा? मला वाटलं, झालं, देवळी ठेवली की हे रोज इथं येऊन आईची वाट बघणार, आणि मी दार बुजवलं कशाला मग? हे एवढं नीट मी बोललेच नाही. मी फक्त ओरडले.

"मिस्त्री, तुम्हाला वाचता येतं ना? बुजवा ते. भिंत सपाट हवी मला. आत्ताच्या आत्ता."

दादा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे गं बाय."

"दादा, तुम्ही मधे बोलू नका."

मी औषधं आणायला बाजारात गेले. परत आले तर भिंत सपाट होती, ओल्या गिलाव्याचा वास येत होता आणि दादा खुर्चीत शांत बसले होते. मला म्हणाले, "झालं." मीही म्हणाले, झालं.

दुसऱ्या दिवशी आईची डबी कपाटात नव्हती. मी सगळं घर उलथंपालथं केलं. पितळी, जड, चांगली डबी. गवंडी अजून दोन दिवस येणार होता, ओट्याचं काम बाकी होतं. मी त्याला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याच्या देखत कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि चहा ओट्यावर न देता पुढं फाटकापाशी नेऊन दिला. तो माझ्या कमरेकडं बघत होता. शेवटच्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही. पोटात बरं नाही म्हणाला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. असं मला वाटलं, हे मी लपवणार नाही.

त्यानंतर दादा बांधावर गेले नाहीत, पण भिंतीपाशी जाऊ लागले. दिवेलागणीला उठायचे, मागच्या खोलीत जायचे आणि बोटांच्या पेरांनी ठोकायचे. दोनदा. हात सरकवायचा. परत दोनदा. एका ठिकाणी आले की थांबायचे, तळवा ठेवायचे आणि मला हाक मारायचे. "इथं हाय बघ. इथं तिचं हाय."

"काही नाही तिथं, दादा. भिंत आहे ती."

"हाय गं."

"नाही. चला, जेवायला चला."

मी त्यांचा हात भिंतीवरून काढायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. पेरं सोलून निघाली तेव्हा मी लोखंडी कपाट ओढून त्या जागेवर लावलं. दोन दिवस ते कपाटासमोर नुसते उभे राहिले. मग उठायचेच बंद झाले. थंडीत छातीत कफ झाला आणि गेले. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत. माझ्यावर रागावले होते की शब्दच संपले होते, हे मला कधीच कळणार नाही. मला ते कळायला हवं आहे.

मग तो आवाज. रोज नाही, पण यायचा. मी उंदीर म्हटलं, लोखंडी कपाट गार होताना वाजतं म्हटलं. शेजारची वहिनी म्हणाली, दिवा लावत जा मागच्या खोलीत. मी दिवा लावला. दिव्यासमोरही वाजलं, मी खोलीत असताना, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "काय पाहिजे तुम्हाला?" रागानंच म्हणाले. माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून येते.

शेवटी एका रविवारी दुपारी मी कपाट ओढून बाजूला केलं. मागं गिलाव्याला चीर गेली होती. वेडीवाकडी नव्हती. चारी बाजूंनी सरळ, छातीच्या उंचीवर, वीतभर रुंद. बंद खिडकीची चौकट दिसावी तशी.

मी गवंड्याला फोन केला. तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. फाटकापाशीच चपला काढून थांबला आणि म्हणाला, "आत येऊ का?" मी आठ महिन्यांपूर्वी हेच शिकवलं होतं.

भिंतीपाशी जाऊन त्यानं थापीचा दांडा घेतला आणि ठोकलं. दोनदा. हात सरकवला. परत दोनदा. मी खाली बसले.

"काय झालं ताई?"

"दादा असंच ठोकायचे. रोज. मला वाटायचं भ्रमिष्टपणानं."

त्यानं थापी खाली ठेवली. "धुंडत व्हते मंग त्ये," तो म्हणाला. "पोकळ कुठं वाजतंय, म्याच दाखवलं व्हतं त्यांला."

मग त्यानं सांगितलं. "तुमी म्हणला बुजवा. भरीव बुजवायला माझा हात झाला न्हाई. नुसती फरशी लावली तोंडाला अन् वरून गिलावा मारला. फरशीवर गिलावा धरत न्हाई, म्हून ही चीर. दादांला म्हणलं, आत हाय तुमची देवळी, तोंड तेवढं झाकलंय. ताईचा राग उतरला की उघडू."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कुलपं लावाय लागला." तो माझ्याकडं न बघता बोलला. "आन् बोलायचं तरी काय? कागदावर लिव्हलं व्हतं, तुमचंच ऐकायचं."

छिन्नीच्या चार घावांत गिलावा पडला. फरशी त्यानं अलगद काढून खाली ठेवली. आत अंधार होता आणि अंधारात फडक्याचं गाठोडं. त्यानं आत हात घातला नाही, दोन पावलं मागं सरला.

"तुमी काढा. फरशी लावायच्या आधी दादांनी कायतरी ठेवलं व्हतं. म्या इचारलं न्हाई. घरातलं त्ये तुमच्या."

आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं. आत डबी. झाकण घट्ट बसलं होतं, ते निघालं तसा मिश्रीचा जळका वास थेट नाकात गेला आणि मी त्या माणसासमोर हमसाहमशी रडले. दादांना सगळं कळत होतं. निदान एवढं एक तरी पक्कं कळत होतं, रोज नव्यानं शोधून त्यांना ते सापडत होतं, आणि मी रोज म्हणत होते की काही नाही तिथं. बिबट्यापासून वाचवायला मी भिंत घातली आणि त्यांच्याच घरात त्यांना खोटं पाडलं.

"मिस्त्री," मी म्हणाले, "ही डबी तुम्ही नेली असं मला वाटलं होतं."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही. ओट्यावर जाऊन पाणी प्यायला, परत आला, खाली पडलेला गिलावा एका कोपऱ्यात लोटला. त्या उघड्या चौकोनाच्या कडा बोटानं चाचपून बघितल्या. कडा अजून चांगल्या होत्या.

"मंग आता काय करायचं?" त्यानं विचारलं. "ठेवायची का भरून घ्यायची?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आम्ही दोघांनीही एकदमच मागं वळून दादांच्या त्या रिकाम्या निळ्या खुर्चीकडं बघितलं.