गाडी लागत नाय

“सून आली आणि गाडी बसली. पायगुण म्हणायचा, दुसरं काय!”

सासूबाई मागच्या ओट्यावर शेजारच्या मंदाकाकींना हळूच सांगत होत्या. मी आत चहा गाळत होते. गाळणं हातातच राहिलं. तेव्हापासून या गाडीचे इतके किस्से साठलेत, की किन्हवलीच्या बाजारात कुणी भेटलं तर आधी गाडीची तब्येत विचारतं, मग माणसांची!

सुरुवात झाली ती लग्नानंतर देवाला निघालो तेव्हा. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली पांढरी गाडी, पुढे हार. नितेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चावी फिरवली. लाइट लागली, हॉर्न वाजला, गाणं सुरू झालं, वायपरसुद्धा हलले. इंजिन गप्प!

“करंट तर हाय,” सासरे म्हणाले, “मग लागत का नाय?”

मंदाकाकी दारातून ओरडल्या, “आमच्या पोरासारखी हाय भाऊ! डोळं उघडं, पन उठायचं नाव नाय!”

शेवटी आख्ख्या आळीने धक्का मारला, तेव्हा गेली. मी आत शालू सावरत बसलेली. धक्का मारणारे मागच्या काचेतून नवरी बघून घेत होते.

*

आमच्या सासरी गाडी सुरू होत नाही, ‘लागते’. शेतावरच्या मोटरसारखी. मला हे ठाऊक नव्हतं. एकदा मुरबाडला माझ्या माहेरी निघालो होतो. चावी फिरवून फिरवून नितेश घामाघूम. मी तोंडाला रुमाल लावून बसलेली.

“काय झालं गो?” बाबांनी विचारलं. सासऱ्यांना मी बाबा म्हणते.

“मला गाडी लागते.”

“मंग तूच बस पुढं! आमाला तर लागतच नाय!”

सगळे हसले. सासूबाई सोडून.

*

नवी बॅटरी टाकली. लाइट आणखी झकास लागली, एवढंच. मग धक्का मारून गाडी शहापूरच्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने पायाखालचं सगळं काढून बाहेर ठेवलं, तिथे वर्तमानपत्र अंथरलं, बसला, चावी फिरवली. लागली! बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा लागली!

“हिला काय झालंय? तुमीच घाबरट!” म्हणाला, आणि काढलेलं सगळं नीट जागच्या जागी घालून दिलं. माणूस व्यवस्थित.

सापगावला चहासाठी थांबलो. चहा झाला. गाडी नाय लागली. नितेशने तिथूनच मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणतो, “मग चहाला थांबत जाऊ नका ना!”

*

सासूबाईंनी मग दृष्ट काढायचं ठरवलं. मीठ, सुक्या मिरच्या, बॉनेटभोवती ओवाळून खाली निखाऱ्यात टाकल्या. ठसका असा उठला, की आत बसलेल्या नितेशला जोरात शिंक आली. सगळं अंग आखडलं, पाय ताठ झाले, हात चावीवर होताच, तीही फिरली. गाडी लागली!

“बघा! दृष्टच होती!” सासूबाई म्हणाल्या. कुणाची, ते बोलल्या नाहीत. नजर मात्र माझ्याकडे.

पुढे आमच्याकडे पेट्रोलपेक्षा मिरच्या जास्त जळल्या.

*

म्हशाच्या जत्रेचा किस्सा सगळे हसत सांगतात. मला नाही हसता येत. बाबांना बैलबाजाराचा भारी नाद. नवे बैल आता घ्यायचे नसतात, पण दात बघायचे, पाठीवर थाप मारायची, विकणाऱ्याशी उगाच वाद घालायचा. त्या दिवशी जत्रेपर्यंत पोचलो आणि बाबा म्हणाले, “तुमी जावा. बंद केली तर परत नाय लागायची.”

आम्ही पाळण्यात बसलो, बांगड्या भरल्या, खाजा घेतला. ते इंजिन चालू ठेवून काचेआड बसले होते. आलो तर मला विचारलं, “बैल कशे व्हते गो?”

मी बैल बघितलेच नव्हते. “चांगले होते,” म्हटलं.

त्याच आठवड्यात ते म्हणाले, “इकूया गाडी.”

*

घेणारा सकाळीच आला. सासूबाईंनी आदल्या दिवशी गाडीतलं आपलं आपलं काढून, धुऊन दोरीवर टाकलं होतं. तो बसला, चावी फिरवली. लागली. खाली उतरून कौतुकाने बघितली, बंद केली, पुन्हा लावली. पहिल्या झटक्यात!

“बघा!” सासूबाई म्हणाल्या. “हितून जायचं म्हटल्यावर कशी लागली!”

बाबांचा हात बॉनेटवर होता. तो हळूच उचलला. गाडी गेली.

मी दोरीकडे बघत होते. कंपनीचं प्लास्टिक, बाबांनी कधी न काढलेलं. रबरी मॅट. भातखाचरातला चिखल लागू नये म्हणून त्यांनी घातलेलं गोणपाट. आणि माझ्या आईने जुन्या साड्यांचं जाडजूड शिवून रुखवतात दिलेलं, देवाला निघताना सगळ्यांत वर अंथरलेलं पायपुसणं. चालवणाऱ्याच्या पायाखाली हे सगळं एकावर एक. या गाडीत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय इंजिन लागतच नाही. आणि एवढ्या थरांवर तो तळापर्यंत जाणार कसा? कोपरा सरकेल तेव्हा लागायची, नाहीतर नाही. घेणाऱ्याचा पाय मघाशी थेट पत्र्यापर्यंत गेलेला मी बघितला होता.

बाबा अजून रस्त्याकडेच बघत होते.

“गेली एकदाची पीडा,” सासूबाई म्हणाल्या. “आता घराचं तरी बरं होईल.”

या घरात मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

“गाडीत काय बिघडलं नव्हतं, आई. माझ्यात पण नाय.”