चिंगळीचे कांदे

दत्तू, मी दौंडला निघाले तेव्हा बैलगाडी तूच हाकत होतास, म्हणून हे तुला लिहिते आहे. वाचून झालं की गावातून पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरींनाही पाठव. ह्यांना रेल्वेचं क्वार्टर मिळालं आणि नागपंचमी करून मी निघाले. शिरूरच्या स्टँडवर एसटीत बसताना आईनं मांडीवर दोन गाठोडी ठेवली. मोठ्यात खायचे कांदे, लहान फडक्यात चिंगळी. "मागल्या दारी लाव," एवढंच ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि रडायच्या कामाला लागले. तू बैलांकडं तोंड करून डोळे पुसत होतास. मला दिसलं होतं.

चिंगळी म्हणजे काय हे शहरातल्या पोरी विसरल्या असतील. उन्हाळ्यात विहीर आटली की वाफ्यातलं कांद्याचं रोप लावायचं राहून जातं आणि जागच्या जागी त्याला बोराएवढे कांदे धरतात. आप्पा ते वाळवून आढ्याला टांगायचे. श्रावणात पुन्हा लावले की दिवाळीच्या सुमाराला ताजा कांदा मिळायचा.

क्वार्टरच्या दोन खोल्या आणि मागं चार हातांची पट्टी. ह्यांची लोकोशेडमध्ये खलाशाची, म्हणजे इंजिनं धुण्यापुसण्याची नोकरी. तिथल्या इंजिनांची राख आमच्या पट्टीत पसरलेली, वाळत घातलेल्या धोतरावर काजळी. मी महिन्याभरात 'ड्युटी', 'डबल', 'साहेब शंटिंगला गेलेत' असं बोलायला शिकले. गावी आले की तुम्ही सगळे मला हसायचात.

आता माझी फजिती ऐक. शेतकऱ्याची लेक असून मी कांदा चुकले. आजूबाजूला चार मुलखांतली माणसं, त्यांच्यापुढं बोराएवढे कांदे लावायची मला लाज वाटली. म्हणून चिंगळी आमटीत घातली आणि मोठे कांदे मातीत पुरले. मोठ्याला मोठाच येईल, हा माझा हिशोब. थंडीत त्यांना हे लांब डेंगळे आले, वर पांढऱ्या फुलांचे गोंडे आणि खाली कांद्याचा पत्ता नाही. शेजारच्या फातिमाबी, फायरमनची बायको, कौतुकानं बघत म्हणाल्या, "फुलं लई झ्याक आलीत गं!"

त्याच दिवसांत आप्पा पहिल्यांदा दौंडला आले. डेंगळे बघून त्यांना हसू आवरेना. "शेवंते, कांदं लावल्यात का बी धराया बसलीस?"

हसण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्याचं. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आप्पांनी मागल्या पायरीवर बसून स्वतःची शिदोरी सोडली, भाकरी खाल्ली आणि पाणी प्यायला उठून स्टेशनवर गेले. ते पाणी सरकारचं म्हणून चालत होतं. मी आत केलेलं पिठलं तसंच झाकून ठेवलं. पुढच्या दीड वर्षात ते तीनदा आले आणि तीनदा हेच झालं. मला मूल नव्हतं. बाप दारात येऊन परक्यासारखा बसतो, मग हे घर माझं कसं म्हणायचं? ह्यांना हे कळायचं नाही. फातिमाबींना कळायचं. त्या नुसत्या माझ्याजवळ बसून राहायच्या.

तिसऱ्या श्रावणात आप्पांनी तुझ्या हाती पुन्हा चिंगळी धाडली. या वेळी मी शहाणपणा केला नाही. फातिमाबींच्या कोंबड्यांचं खत राखेत कालवलं, शेंडा वर ठेवून एकेक चिंगळी बोटानं दाबली, आंघोळीचं पाणी पाटानं सोडलं. दिवाळी होऊन गेली तेव्हा कांदे मुठीएवढे झाले होते.

आप्पा आले, पायरीवर बसले, शिदोरी सोडली. मी पातीसकट दोन कांदे उपटून धुतले आणि समोर ठेवले. ते हात लावीनात. मग मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही धाडलेल्या चिंगळीचंच हायती हे."

त्यांनी कांदा उलटासुलटा करून पाहिला. "माझ्या वाफ्यातली चिंगळी? म्हंजी कांदा माझाच की." पायरीवर ठेवून एका बुक्कीत फोडला आणि खाल्ला.

मला आनंद झाला आणि रागही आला. तीन महिने राबले मी, आणि कांदा म्हणे आप्पांचा! काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं न बघता तळहात पुढं केला.

"शेवंते, वाईच मीठ आण."

मी जागची हलले नाही. मीठ माझ्या घरातलं होतं. ते कुठल्याच वाफ्यात पिकलं नव्हतं. आप्पांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी हात तसाच पुढं होता. मी आत गेले, मीठ आणलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी कांदा त्यात बुडवून सावकाश खाल्ला.

पुढं दोन वर्षांनी सुमन झाली आणि आप्पा माझ्याकडं पाटावर बसून रीतसर जेवले. गावात सगळे तेच पहिलं जेवण धरतात. धरू देत. पत्रात तू दर वेळी विचारतोस, "ताई, घरी कवा येणार?" येईन रे, पण ते गावाला येणं. घर म्हटलं की मला मीठ मागणारे आप्पा दिसतात, आणि ते दौंडात बसलेले असतात.