जरा चालून दाखव

पाहुणे मुलगी बघायला येतात, पोहे खातात आणि 'कळवतो' म्हणून निघून जातात. एवढ्या भांडवलावर एकटीनं सव्वा तास लोकांना हसवायचं असं मी ठरवलं, तेव्हा घरात कोणी अडवलं नाही. आमच्या घरी वकिली. यजमानांनी कागदांतून मान वर करून एवढंच विचारलं, "सगळी पात्रं तूच? म्हणजे मध्ये बोलायला दुसरं कोणीच नाही?"

मी हो म्हटलं.

"मग जमेल तुला," म्हणाले आणि पुन्हा कागदांत शिरले.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची सरती वर्षं होती. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. स्वभाव तापट, मुली माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. हळदीकुंकवात, स्नेहसंमेलनात नकला करायची खोड जुनीच. पण नकला म्हणजे येता-जाता तोंडात टाकायचा चिवडा, आणि मला पंगत वाढायची होती. मुलाचा मामा, जो प्रश्नही विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. मुलाची आई, "आमचं मेलं काहीच म्हणणं नाही" असं म्हणत म्हणत तासभर म्हणणं मांडणारी. एक आजोबा, ज्यांचा सगळा जीव पोह्यातल्या शेंगदाण्यांत. आणि मुलीचे वडील, जे दर वाक्याला उठून उभे राहतात. हे सगळे माझ्या माहेरी अकोल्याला आमच्याच बैठकीत बसून गेलेले. मला ते शोधायला लागले नाहीत.

अडचण निराळीच निघाली. मामा संपवून मुलाची आई व्हायचं तर पाठ फिरवायची, डोक्यावर पदर घ्यायचा, पुन्हा वळायचं. तेवढ्या वेळात बघणाऱ्यांचं लक्ष उडे आणि कोणीतरी खोकायला लागे. तिथं काहीतरी वाजायला हवं होतं.

पेटीला आमच्या शाळेच्या गायनबाई मिळाल्या. जन्मभर प्रार्थना आणि स्वागतगीतं वाजवलेली बाई. मामाच्या प्रवेशाला काहीतरी गमतीचं वाजवा म्हटलं तरी त्या शोकसभेचा चेहरा करून अगदी सुरेल, गंभीर असं काही वाजवत. मी आधी वैतागले. मग लक्षात आलं की त्या चेहऱ्यालाच लोक हसताहेत. मी गप्प बसले आणि त्यांनाही काही सांगितलं नाही.

खंजिरीला गायनबाईंनीच एक मावशी आणल्या. तिवशाकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन अमरावतीला भावाकडे आलेल्या. मोझरीच्या आश्रमातल्या खंजिरी-भजनात वाढलेला हात. उजव्या हाताची बोटं अशी चालत की खंजिरी बोलते आहे असं वाटे. तालमीला आम्ही रविवारी दुपारी शाळेच्या गायनाच्या खोलीत बसायचो. पहिल्याच दिवशी मावशींचं आणि माझं वाजलं.

झालं असं की, हशा मिळवायचा तर वाक्य टाकून थांबावं लागतं. मी थांबले की मावशी खंजिरी वाजवायला लागत. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी ओरडले, "मावशी, मी मुद्दाम थांबते आहे. तुम्ही काहून मध्ये पडता?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, आमच्यात असं नाई. म्होरला थांबला, त्याले खोकला आला, ओळ आठवली नाई, त मागच्यानं उचलून धराव लागते. मानसाले मधात एकटं नाई सोडत आमी."

मी कपाळाला हात लावला. चार रविवार मी त्यांची ही सवय मोडायचा प्रयत्न केला आणि चार रविवार ती मोडली नाही. शेवटी मीच शहाणी झाले. त्यांना म्हटलं, उचलाच तुम्ही, पण उचलायला मी एक ओळ देते. आणि एक पालुपद बांधलं: "बसा पाहुणे, बसा जरासे, पोहे होतील आत्ता." मी थांबले की खंजिरी कडाडायची, मावशी खणखणीत आवाजात पालुपद धरायच्या, गायनबाई पेटीवर शोकाकुल सूर सोडायच्या, आणि तोवर मामा जाऊन मी मुलाची आई झालेली असे. आमचा खेळ खरा त्या दिवशी उभा राहिला. श्रेय मी पुढे बरीच वर्षं स्वतःकडे ठेवलं, हेही सांगून टाकते.

मुलीचा प्रवेश मी सगळ्यांत शेवटी बसवला. मुलाची आई म्हणते, "जरा चालून दाखव गं, बाळ." आणि मुलगी चालते. ती मी अशी केली होती की एक खांदा वर, एक पाय ओढत, पदर पायात अडकतोय, तरी नजर खाली आणि तोंडावर लाजरं हसू. तालमीला शाळेतल्या दोघी-तिघी शिक्षिका डोकावल्या होत्या. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. सव्वा तासाच्या खेळात मला एवढा हशा दुसरीकडे कुठंच मिळाला नव्हता. मी दारापर्यंत लंगडत गेले, परत आले, थांबले. खंजिरी वाजलीच नाही.

मला वाटलं, हसण्यात राहून गेलं असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मावशी खंजिरी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी जे बोलायला नको ते सगळं बोलले. नको तिथं वाजवता आणि हवं तिथं झोपता, लक्ष नसेल तर घरी बसा, अकोल्याच्या महिला मंडळानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलंय, तिथं माझं हसं करायचंय का. चार माणसांसमोर. मावशी फक्त "चुकलं, बाई" म्हणाल्या, खंजिरी फडक्यात गुंडाळली आणि गेल्या.

गायनबाई पेटीचा भाता बंद करत म्हणाल्या, "त्यांच्या मुलीचं तुम्हाला ठाऊक नाही वाटतं?"

मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. चालून दाखव म्हणाले. बैठकीतल्या सतरंजीला दुमड पडली होती, तिचा अंगठा त्यात अडकला आणि ती अडखळली. पाहुण्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, कळवतो म्हणाले. पण गावोगावी कळवलं ते हे, की मुलगी चांगली आहे, पाय मात्र अधू. पुढे जे जे पाहुणे आले ते तिच्या तोंडाकडे बघतच ना, पायांकडे बघत. आणि सगळ्यांची नजर पायांवर असली की कोणाचा पाय सरळ पडेल? तिचं वय आता सव्वीसच्या पुढे गेलं होतं.

मी त्या संध्याकाळी जेवले नाही. लाज वाटलीच, पण खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती. एवढा मोठा हशा हातचा जाणार म्हणून जीव तुटत होता, आणि तो तुटतो आहे याचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या भावाच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. तेवढा भाग मी काढून टाकते. 'चालून दाखव' म्हणायचं आणि लगेच मामावर जायचं. मुलगी चालणारच नाही."

"तुमचा खेळ हाय, बाई. म्या काढा नाई म्हटलं," मावशी म्हणाल्या. "फक्त तिथं माया हात उचलत नाई." मग म्हणाल्या, "मायी पोट्टी बी अकोल्याले येतो म्हून राहिली. हासाचं हाय म्हने त पाहून येतो. सहा वर्सात कुठं गेली नाई थे."

मुलगी चालणार नाही, असं मी वचन दिलं. मागितलं नसताना दिलं.

अकोल्याला दुपारी तीनला कार्यक्रम. पटांगणात मांडव, खाली बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीवर तिळगुळाच्या पुड्या. मावशींची मुलगी अगदी पुढे, उंच, सावळी, गुडघ्यांभोवती हात आवळून. मामा आला आणि मांडव हसायला लागला. आजोबांच्या शेंगदाण्यांना तर मागची एक बाई उठून बाहेर गेली, हसू आवरेना म्हणून. माझं माहेरचं गाव. प्रत्येकीच्या घरात हे मामा येऊन गेलेले. हशा एकदा अंगात भिनला की माणूस आपला राहत नाही. मी डोक्यावर पदर घेतला, मुलाची आई झाले आणि म्हणाले, "जरा चालून दाखव गं, बाळ." इथून मला मामावर जायचं होतं.

माझा खांदा वर गेला. पाय ओढला. एक पाऊल, दोन पावलं. मांडव फुटला. कोणी म्हणेल सवयीनं झालं. सवय चार रविवारांत मोडता येत नाही हे मला मावशींनी शिकवलंच होतं. पण मला माहीत आहे, तो माझा लोभ होता.

तिसऱ्या पावलाला मला ती दिसली. ती रडत नव्हती. तिनं पातळ खाली ओढून आपली पावलं झाकून घेतली होती.

मी थांबले. ते काही हशासाठी थांबणं नव्हतं. पुढचं वाक्य गेलं, मामा गेला, सगळं गेलं. बायका हसायच्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी एका पायावर वाकडी, तशीच उभी. मावशींकडे बघायचं धाडस नव्हतं. त्यांनी खंजिरी फडक्यात गुंडाळून उठून जावं, हेच योग्य झालं असतं.

खंजिरी कडाडली.

"बसा पाहुणे, बसा जरासे," मावशींनी उचललं, एकदा, दोनदा, तीनदा. आवाज कापत होता पण ताल सुटला नाही. गायनबाईंनी पेटी धरली. मांडव पुन्हा हसला. तेवढ्यात मी पाठ फिरवून डोळे पुसले आणि मामा होऊन वळले. उरलेला खेळ पार पडला. टाळ्या पुष्कळ झाल्या. एकाही टाळीचा आवाज मला आठवत नाही.

मागे कनातीत मी मावशींचे हात धरले. एवढंच विचारलं, "तरी काहून वाजवलं?"

"तुमी एकट्या पडल्या होत्या मधात," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मुलगी पुढे खिडकीशी बसली. मी दोन बाकं मागे. मूर्तिजापूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. आम्ही चौघी कडुनिंबाखाली उभ्या होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "बाई, तुमाले चालता येत नाई."

मी तिच्याकडे बघितलं.

"तशी नाई चालत कोनी. भेव असते ना, तवा पाय उचलतच नाई मानूस. ओल्या सारवनावर चालते तशी चालते. मी दाखवतो, पाहा."

आणि ती चालली. झाडापासून चहाच्या टपरीपर्यंत गेली, वळली, परत आली. टपरीवरची माणसं कप हातात घेऊन बघत राहिली. मान खाली, पावलं जमिनीला चिकटलेली, प्रत्येक पाऊल विचारून टाकलेलं. परत येताना मात्र तिनं मान वर केली आणि नेहमीसारखी चालत आली. पाय धडधाकट होते, दोन्ही, आणि चाल मोठी डौलदार. सहा वर्षांत ते कोणी बघितलं नव्हतं.

"आता तुमी," ती म्हणाली.

मी चालले. टपरीवरची माणसं आता माझ्याकडे बघत होती. अर्ध्या वाटेत माझी पावलं आपोआप जमिनीला चिकटली. इतके दिवस मी हसू पिकवत होते ते कशावर, हे मला तिथं कळलं. मी परत येऊन तिघींसमोर उभी राहिले. गायनबाई पेटीला असतात तशाच गंभीर. मुलगी माझे पाय बारकाईनं बघत होती.

मावशींनी आपल्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहाचा कप खाली ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी माझ्या खेळातल्या मुलाच्या आईच्या आवाजात म्हणाल्या, "पोट्टी पसंत हाय आमाले."

पहिल्यांदा हसली ती त्यांची मुलगीच.