वेळेआधी सुटायचं नाही

भाऊजी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या उजव्या पायाला ही बातमी अजून कुणी दिलेली नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी एकाच मार्गावर काढली. आमच्या गावातून निघायचं, डोंगर चढायचा, घाट उतरायचा, किनाऱ्यावरची गावं घेत धक्क्यावर जाऊन थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच उलटं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी डेपोचे साहेब भाषणात म्हणाले, "या माणसाने एकदाही गाडी वेळेआधी सोडली नाही." मी टाळ्या वाजवल्या. ताई शेजारीच होती. म्हणाली, "वाजव, वाजव. तुला काय होतंय वाजवायला? तुझ्या घरी नाही ना ते."

भाऊजींचं म्हणणं असं की उशीर एक वेळ चालतो. उशीर झाला तर प्रवासी चार शिव्या देतो आणि गाडीत बसतो. पण गाडी आधी सुटली तर तो धावत येतो, रिकामा थांबा बघतो, आणि शिव्या द्यायलाही समोर कुणी नसतं. ऐकायला बरं वाटतं. घरात याचा अर्थ असा होतो की ताट वाढलेलं असलं तरी जेवायची वेळ झाल्याशिवाय माणूस पाटावर येत नाही. बाहेर जायचं असलं की बूट घालून, छत्री घेऊन, कुलूप हातात धरून दारात उभे.

"आता कुणाची वाट बघताय?" ताई विचारते.

"कुणाची नाही. साडेपाचला निघू म्हणालो होतो ना?"

आणि घंटा. कंडक्टरने दोनदा घंटा वाजवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की स्वतःची छोटी गाडी घेतली तरी शेजारून कुणी दोनदा ठोकल्याशिवाय ते निघत नाहीत. ताई समोरच्या फळीवर ठकठक करते, मग गिअर पडतो. "या घरात मी बायको कमी आणि कंडक्टर जास्त," ती म्हणते. हे ती हसून म्हणायची. अलीकडे हसायची थांबली होती.

त्याला कारण होतं. ताईची लेक धक्क्यापलीकडच्या बेटावर शाळेत शिकवते. जावई जहाजावर, सहा-सहा महिने पत्ता नाही. लेकीचे दिवस भरत आले होते आणि ती एकटी होती. "आत्ताच जाऊ," असं ताई आठवडाभर म्हणत होती. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "शुक्रवारचं ठरलंय ना?" गुरुवारी सकाळी लेकीचा फोन आला. पाऊस वाढतोय, समुद्र खवळलाय, आज दुपारची लाँच शेवटची, मग आठ-दहा दिवस बंद. शिवाय घाटात दरड कोसळून निम्मा रस्ता अडलाय. छोट्या गाड्या जातात, बस बंद.

ताईने पिशव्या भरल्या, रजई बांधली, गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि मला फोन केला. "तू चल. यांच्याबरोबर एकटी गेले तर मी यांना दरीत ढकलीन."

म्हणून मी मागच्या सीटवर रजई मांडीवर घेऊन बसले होते. लाँचने पुढे ताई एकटीच जाणार होती. ठकठक झाली. निघालो.

पाऊस असा की पुसणारी काडी इकडून तिकडे जाईपर्यंत काच पुन्हा आंधळी. डोंगर धुरकटलेले, ओहोळ थेट रस्त्यावर उतरत होते. गाडी चालवावी ती भाऊजींनीच, यात वाद नाही. पण पहिला थांबा आला, पत्र्याच्या छपराखाली तीन माणसं उभी दिसली, आणि गाडी अलगद कडेला जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"बस बंद आहे. त्यांना माहीत नसणार." भाऊजींनी काच खाली केली. सगळा पाऊस आधी माझ्या अंगावर आला. "बस येणार नाही हो आज! दरड पडलीय!"

"मग तुम्ही कुठवर चाललाय?" छपराखालून प्रश्न आला.

हे असं होणार, हे ताईला आधीच कळलं होतं. तिने डोळे मिटून घेतले. एक आजीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "सरक जरा. ती गादी कशाला घेऊन बसलीस? पायाखाली टाक."

"गादी नाही, बाळाची रजई आहे."

"बाळ कुठाय?"

"व्हायचंय."

"मग आत्तापासून काय धरून बसलीस!"

प्रत्येक थांब्यावर हेच. कुणी चढत होतं, कुणी उतरत होतं, थांबा रिकामा असला तरी भाऊजी क्षणभर थांबून, आरशात मागे बघून, मगच ठकठक होण्याची वाट बघत होते. ताई ठोकत होती. आधी बोटांनी ठोकायची, मग मुठीने ठोकायला लागली. एका थांब्यावर छत्रीवाले मास्तर चढले आणि त्यांची छत्री रजईवर निथळत राहिली. भाऊजींनी त्यांच्या मुलाची, मुलाच्या नोकरीची, जुन्या विहिरीची चौकशी केली. सगळा मार्ग त्यांच्या नात्यातला होता. ताई काचेला नाक लावून बाहेर बघत बसली होती.

घाटमाथ्यावर आजीबाई आणि मास्तर उतरले. तिथे चहाची एक टपरी आहे. भाऊजींनी गाडी नेमकी तिच्यासमोर उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"आता काय?"

"इथे थांबा असतो. पंधरा मिनिटं."

"कुणाला चहा हवाय?" ताईने मागे वळून मला विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता. मी तिची धाकटी बहीण आहे. त्या आवाजाला मी लहानपणापासून ओळखते.

"मला नको," मी घाईने म्हणाले.

"मलाही नको. तुम्हाला हवाय?"

"मला नाही," भाऊजी म्हणाले. "पण इंजिनाला जरा..."

"इंजिनाला चहा पाजताय?"

"अगं, उताराच्या आधी ब्रेक थंड..."

"ऐका." ताई आता सरळ त्यांच्याकडे बघत होती. "आपली लेक झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भाऊजींनी टपरीकडे बघितलं.

"बोला ना. हिलाही कळू दे."

मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा भाऊजी पलीकडे धक्क्यावर होते. डेपोतून निरोप पोचला. साहेब म्हणाले, लगेच नीघ. गाडीत तीनच प्रवासी होते, तेही म्हणाले, सोडा हो. पण गाडी सुटायला अर्धा तास होता. भाऊजी तो अर्धा तास थांबले. मग सगळे थांबे घेत आले. इथेही चहाला थांबले. दवाखान्यात पोचले तेव्हा लेक पाळण्यात झोपली होती आणि ताई भिंतीकडे तोंड करून.

"शेजारच्या बाईंनी हात धरला माझा," ताई म्हणाली. "त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही आल्यावर काय म्हणालात आठवतंय? 'गाडी वेळेवर आणली.'"

पाऊस टपावर ताशा वाजवत होता. टपरीवाल्याने भाऊजींना ओळखून हात वर केला. भाऊजींनी हात वर केला नाही.

"आज लाँच चुकली ना," ताई म्हणाली, "तर तिलाही भिंतच आहे."

भाऊजींनी गाडी सुरू केली. ठकठक झाली नव्हती. मला ते जाणवलं, ताईला नाही.

घाट उतरताना दरडीजवळ चिखलात चाक फिरलं, पण निघालो. खाली पहिल्या वळणावर एक एकटा थांबा आहे, ना घर ना दार. तिथे एक उंच माणूस डोक्यावर निळं प्लास्टिक घेऊन उभा होता. हातात पत्र्याची पेटी. गाडी दिसताच त्याने हात वर केला. भाऊजींचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबलात," ताई म्हणाली, "तर मी इथे उतरेन आणि चालत जाईन. देवाशपथ."

पाय परत आला. गाडी त्या माणसाच्या समोरून गेली. त्याच्या पायावर पाणी उडालं. भाऊजी आरशात बघत राहिले, वळण येऊन तो दिसेनासा होईपर्यंत.

त्यानंतर कुठेच थांबलो नाही. किनाऱ्याची गावं, बंद दुकानं, उपड्या घालून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली आणि विसरलेली जाळी, सगळं भराभर मागे पडलं. ताईचा जीव भांड्यात पडत होता. धक्क्यावर पोचलो तर लाँच उभी होती, माणसं आत बसली होती. "बघा," ताई म्हणाली. "असं करायचं असतं."

तिकिटाच्या खिडकीत लाँचची मालकीण बसली होती, गालाला हात लावून.

"बसा आत," ती म्हणाली. "पण सुटेल याचा भरवसा नाही. इंजिनवाला नाही आला."

"म्हणजे?"

"बहिणीकडे गेला होता, घाटाखाली. बसने येतो म्हणाला. बस बंद. दुसऱ्या कुणाचं ते इंजिन ऐकत नाही. अजून तासभर समुद्र जाऊ देईल. मग नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. मीच विचारलं, "उंच आहे का?"

"आहे की."

"निळं प्लास्टिक?"

"भेटला का तुम्हाला?" मालकिणीचा चेहरा उजळला. "हातात पेटी असेल. पाने-बिने असतात त्याचे. आहे का गाडीत?"

धक्क्यावर लाटा आपटत होत्या. भाऊजी ताईकडे बघत होते, ताई लाँचकडे. या वेळी ते एक शब्द जरी बोलले असते, "मी म्हणत होतो ना" एवढं जरी, तरी ताईचं समाधान झालं असतं. तिने त्यांना तिथल्या तिथे समुद्रात लोटलं असतं आणि मोकळी झाली असती. पण ते बोलले नाहीत. पिशव्या आणि रजई उतरवून ठेवली आणि गाडी वळवली.

"न बोलण्यात यांचा हात कुणी धरणार नाही," ताई म्हणाली. "आता हे प्रत्येक थांब्यावर थांबत जाणार. मास्तरांच्या विहिरीला पाणी किती आलं ते विचारणार. टपरीवर पंधरा मिनिटं."

"टपरी वर आहे ताई. तो माणूस खाली आहे."

"तू नको सांगूस. ते मुद्दाम वर जाऊन चहा पिऊन येतील."

लेकीला तिने फोन केला. "काही नाही, निघतोच आहोत. दुखतंय का? नाही ना? पाय वर करून बस. दार लावून घेऊ नकोस." फोन ठेवल्यावर रजई छातीशी धरून ती खांबाला टेकून उभी राहिली. मालकिणीने स्टूल दिलं, त्यावर बसली नाही. लाँचमधला एक जण विचारायला आला, दुसरा शिव्या द्यायला. मालकीण आकाशाकडे बघून घड्याळाकडे बघत होती. मी मनातल्या मनात वळणं मोजत होते आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

मग हॉर्न ऐकू आला. भाऊजी हॉर्न वाजवत नाहीत. आपली गाडी नसणार असंच मला वाटलं. पण चिखलाने चाकांपासून टपापर्यंत माखलेली तीच गाडी धक्क्यावर अशी येऊन उभी राहिली की दोन माणसं बाजूला उडाली.

इंजिनवाला बाहेर पडला. पेटी पोटाशी घट्ट धरलेली, चेहरा पांढरा.

"बाई," तो ताईला म्हणाला, "हे तुमचे कोण?"

"का?"

"बसचे ड्रायव्हर होते म्हणतात. खरं का? वाटेत दोन थांब्यांवर माणसं हात करत होती. बघितलंसुद्धा नाही हो त्यांनी! वळणावर तर... मी समुद्रात एवढी वर्षं काढली, इतका कधी घाबरलो नाही."

ताईने भाऊजींकडे बघितलं. ते गाडीला टेकून रुमालाने मान पुसत होते. मला वाटलं, आता ही रडेल किंवा निदान बरं काही बोलेल.

"म्हणजे येत होतं," ती म्हणाली.

"काय?" भाऊजी म्हणाले.

"भरभर चालवता येत होतं. न थांबता येता येत होतं. तेव्हाही येत होतं." तिने रजई उचलली. "मला आपलं वाटायचं, माणसाला जमतच नसेल. मी इतकी वर्षं तुम्हाला माफ करत आले, ते काय म्हणून?"

भाऊजींनी रुमाल खिशात ठेवला. "पिशवी दे," ते म्हणाले. "जड आहे."

त्यांनी पिशव्या लाँचवर नेऊन ठेवल्या. इंजिन खोकलं आणि लागलं. ताई आत बसली, आमच्याकडे पाठ करून. लाँच बरीच दूर गेल्यावर तिने एकदा वळून बघितलं. एवढ्या पावसात तोंड दिसत नव्हतं. भाऊजी मात्र लाँच दिसत होती तोवर हलले नाहीत.

परतीला मी पुढे बसले. इंजिनवाल्याने सांगितलेली, हात करणारी माणसं आता कुठल्याच थांब्यावर नव्हती. त्या एकट्या थांब्यावर भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"भाऊजी, कुणी नाहीये."

"हं."

"मग?"

ते समोर बघत बसले. पाऊस कोसळत होता. माझे कपडे ओले, पोटात सकाळपासून काही नाही, आणि या माणसाला मी आणखी काय बोलणार? मी समोरच्या फळीवर दोनदा ठोकलं. गिअर पडला.

ताई लेकीजवळ पोचली त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगून ठेवलेल्या तारखेला, बाळ झालं. ना एक दिवस अलीकडे, ना पलीकडे. ताईने लेकीचा हात धरला होता, आणि लेकीने तो इतका आवळला की अजून मनगट दुखतंय, असं तिने मला फोनवर सांगितलं.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "माझा जीव टांगणीला लावून आठवडाभर आत बसून राहिली. तारीख झाली तेव्हाच आली. कुणावर गेलीय ते सांगायला नको."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं. तर म्हणतात, वेळेवर आली ना?" ताईने फोनमध्ये इतका मोठा सुस्कारा सोडला की माझ्या कानात वारा गेला. "समुद्र उघडला की न्यायला येणार आहेत. मी सांगितलंय, पहिल्या लाँचने नाही आलात तर मी येणारच नाही. आणि वाटेत कुणाला घ्यायचं असेल त्याला घ्या, पण चहाला थांबायचं नाही."