आठ म्हणजे आठ

"घड्याळाकडे बघा, माझ्याकडे काय बघता?"

काकांचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, तो आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत राहिलाच नाही असं समजा. दूधवाल्याने ऐकलं, लिफ्टवाल्याने ऐकलं, समोरच्या दारात राहणारी म्हणून मी तर रोज ऐकलं. काका शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी तेवढी निघाली, आवाज तोच राहिला.

आधी त्यांचा उजवा खांदा धरला. वर्षभर शेक झाले, तेलं झाली, दाराला दोरी बांधून हात ओढून झाला. मग एका डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं आणि सांगितलं, पार्किन्सन. या आजारात चेहऱ्यावरचे भाव जातात म्हणे. काकांचे कधी गेले ते कुणाला कळलंच नाही. पुण्यात राहतो हो आपण, न हसणाऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतंय!

सोसायटीत मात्र घरोघरी तज्ज्ञ निघाले. "पण काका, तुमचे हात तर थरथरत नाहीत!" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"माफ करा. पुढच्या वेळी थरथरवून दाखवतो."

त्यांचं दुखणं निराळं होतं. पहाटे पोटरीत गोळा यायचा, पायाची बोटं आपोआप आत वळायची, पाठ फळीसारखी व्हायची. काकू तेल चोळत बसायच्या आणि दारापलीकडे मला कण्हणं ऐकू यायचं. सकाळी विचारलं की म्हणायचे, "सावधान जमतंय. विश्राम विसरलोय." वर पोट साफ होत नाही ही तक्रार होतीच, पण ती ते सगळ्या जिन्याला ऐकवायचे, त्यात काही गुपित नव्हतं.

गोळी घेतली की तासाभरात अंग सैल पडायचं. तास-दीड तास बरा जायचा, मग पुन्हा लाकूड. आयुष्यभर दुसऱ्यांना घड्याळ दाखवलं, आता घड्याळ त्यांच्यावर सूड घेत होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडा काकांनीच फडकवायचा, ही आमची पहिल्यापासूनची रीत. आदल्या संध्याकाळी ते फुलं घालून झेंड्याची घडी बांधायचे. गाठ अशी, की एका झटक्यात सुटली पाहिजे. त्या वर्षी त्यांनी हिशेब केला. कार्यक्रम आठला, गोळी सातला. आठला खांदा मऊ असणार.

पण नव्या कमिटीला हौस! भाषणाला नगरसेवक बोलावलेले. आठ वाजले, साडेआठ वाजले. काका खांबाशी उभे. सेक्रेटरी, हिंजवडीत नोकरी करणारा उत्साही मुलगा, दर वेळी धावत यायचा. "काका, फक्त फाइव्ह मिनिट्स. साहेब ट्रॅफिकमध्ये आहेत."

"सुट्टीच्या दिवशी सकाळी कसला ट्रॅफिक? त्यांना उशीर चालतो. माझ्या गोळीला चालत नाही. आठ म्हणजे आठ!"

पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

साहेब दहाला उगवले. काकांनी दोरी धरली आणि हात जागच्या जागी थिजला. खांदा हलेना. बुटातली बोटं वळली असणार, कारण ते एका अंगाला कलले. सगळे मोबाइल त्यांच्यावर रोखलेले.

"घड्याळाकडे बघा!" काका ओरडले. "माझ्याकडे काय बघता!"

साहेबांनी हसतमुखाने त्यांच्या हातातून दोरी सोडवून घेतली आणि ओढली. फुलं पडली, टाळ्या झाल्या. राष्ट्रगीत संपेपर्यंत काकांचा हात तसाच वर, अर्धा वाकलेला. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली ओळ: 'या वयातही केवढं देशप्रेम! काकांचा कडक सलाम!' अंगठे आणि झेंडे यांचा पाऊस पडला. मला इतकी चीड आली, की मी फोन घेऊन त्यांच्याकडेच गेले.

त्यांनी फोटो बघितला. "देशप्रेम नाही," ते म्हणाले, "खांदा."



पुढे एकदा बाथरूममध्ये पडले, तेव्हा मुलीने दोघांना हिंजवडीला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. जायच्या आधी काकांनी मला बोलावलं. बोटं चालत नव्हती, म्हणून गाठ तोंडी शिकवली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी बांधतेय, काका खुर्चीतून सांगतायत. "डावीकडून. अहो, डावीकडून! तुमचं डावं भलतीकडे असतं का?" मी आठ-दहा वेळा चुकले. शेवटी माझी गाठ एका झटक्यात सुटली, तेव्हा आत काकूंना म्हणाले, "चला. चहा टाक."

यंदा मी कमिटीला बजावलं, पाहुणे आले तर आले, आठ म्हणजे आठ. गाठ मी बांधली, दोरी मीच ओढली आणि व्हिडिओ हिंजवडीला पाठवला. साहेब आले तेव्हा मंडळी जिलबी खाऊन घरी गेली होती.

थोड्या वेळाने काकांच्या मुलीचा फोन आला. "बाबांनी आज हट्टाने सातला गोळी घेतली. आठला खिडकीशी उभे राहिले आणि स्वतःच राष्ट्रगीत म्हटलं. हात खाली, अगदी सरळ. थांबा, त्यांना बोलायचंय."

आवाज पार आत गेलेला. कान फोनला चिकटवावा लागला.

"मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय व्हिडिओत. एक मिनिट उशीर."

"हो काका."

"गाठ बरी होती."

त्यांच्या तोंडून 'बरी'! मी फोन ठेवला आणि त्यांच्या बंद दारासमोर, जिन्यातच बसून रडले.